सुलेखा येईपर्यंत

हेमचंद्र पाचोडकर गेले ते कुणालाही त्रास न देता गेले, आणि दमयंतीबाईंना आधी राग आला तो त्याचाच. हा माणूस आयुष्यभर प्रत्येक गोष्ट सांगून करत आला होता. पाटबंधारे खात्यात असताना दोन दिवसांच्या दौऱ्यावर निघाले तरी दारातून तीनदा माघारी फिरून सांगत. आणि आज एवढ्या लांबच्या प्रवासाला निघताना शेजारच्या पलंगावरच्या बायकोला एक हाक मारली नाही. त्या चहाचा कप घेऊन खोलीत गेल्या तेव्हा ज्योतीनगरच्या रस्त्यावर दूधवाल्यांच्या मोटारसायकली सुरू झाल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच बराच वेळ राहू दिला. मग पदर सारखा करून बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "श्रीरंग, डॉक्टरांना बोलाव. घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दाखला लागेल."

श्रीरंग खंडपीठात वकिली करत असे. न्यायमूर्तींपुढे तासन्‌तास बोलणाऱ्या या पिकल्या केसांच्या माणसाला आईसमोर उभं राहिलं की आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नसे. तो वडिलांच्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा डोळे पुसायचेही त्याला सुचले नव्हते.

"स्वरदाला कळवायला हवं," तो म्हणाला.

"नाही."

"आई, नात आहे ती त्यांची."

"म्हणूनच नाही म्हणते. आज तिचा सामना आहे."

गेला आठवडाभर त्या घरात या सामन्याखेरीज दुसरा विषय नव्हता. श्रीरंगची थोरली लेक त्या घडीला मेलबर्नला होती. पात्रता फेरीतले दोन सामने तिने जिंकले होते. आजचा तिसरा जिंकला की मुख्य स्पर्धेत नाव लागणार होतं. पाचोडकरांच्या घरात हे स्वप्न शिरलं ते जायकवाडीच्या कामावरून. धरण बांधणाऱ्या साहेबलोकांसाठी पैठणच्या वसाहतीत एक मातीचं टेनिस कोर्ट होतं आणि संध्याकाळी नव्या इंजिनिअराने चौथा गडी म्हणून उभं राहायचं, अशी तिथली रीत होती. त्या चौथ्या गड्याला जे जमलं नाही, ते त्याने पुढे नातीच्या हातात दिलं. गारखेड्याच्या क्रीडा संकुलातल्या थंडीच्या पहाटा, तेराव्या वर्षी पुण्याची अकादमी, तिथे सुटलेली शाळा. मग तुर्कस्तान, ट्युनिशिया, इजिप्त इथल्या लहानसहान स्पर्धा, ज्यांची नावं कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाहीत आणि जिथे जिंकलेली मुलगीसुद्धा संध्याकाळी आपले कपडे आपणच धुते. मग उजवं मनगट गेलं. शस्त्रक्रिया झाली. स्वरदा वर्षभर घरी होती त्या काळात एका रात्री जेवताना श्रीरंग म्हणाला होता, आता पुरे, आता उरलेलं शिक्षण पूर्ण कर. हेमचंद्रराव भरल्या ताटावरून उठले होते. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं उरलं ते विजेचं बिल आणि औषधं एवढ्यापुरतं.

तो सगळा हिशेब आता श्रीरंगच्या चेहऱ्यावर उभा होता. दमयंतीबाईंना तो दिसत होता, म्हणूनच त्या मऊ झाल्या नाहीत.

"तिचं मनगट पुढच्या वर्षी साथ देईल की नाही, हे तिचा डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाही," त्या म्हणाल्या. "हा एक दिवस तिच्या वाट्याला आलाय. तो मी बातमीने नासू देणार नाही."

"आणि अंत्यदर्शन?"

"मिळेल त्या विमानाने निघाली तरी उद्यापर्यंत पोचत नाही ती. तोवर त्यांना बर्फावर ठेवायचं का? ते तुझ्या वडिलांना आवडलं असतं?"

श्रीरंगने बायकोकडे पाहिलं. नीरजा स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. सासू-सुनेचं एकमत त्या घरात फराळाच्या तिखटमिठावरसुद्धा होत नसे, त्यामुळे ती आता आपल्या बाजूने बोलेल हे त्याने गृहीतच धरलं होतं.

"आई म्हणतात तसंच होऊ द्या," नीरजा म्हणाली.

"उद्या ती तुला विचारेल."

"विचारू दे. आज खेळू दे तिला."

दमयंतीबाईंनी सुनेकडे क्षणभर पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग त्या कामाला लागल्या. नातू केयूर जिन्यात बसून रडत होता; त्याला त्यांनी खाली बोलावलं.

"तोंड धुऊन ये. तुझ्याकडे मोठं काम आहे. सामना होईपर्यंत कुणाच्याही मोबाइलवर नानांचा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' दिसता कामा नये."

"आजी, कसं थांबवणार? आपल्याकडे माणूस दवाखान्यात नेला की लोक स्टेटस तयार करून ठेवतात."

"ज्यांना सांगायलाच हवं त्यांना तोंडी सांग. बाकीच्यांना संध्याकाळी कळेल. कुणी विचारलं की उचलायला उशीर का, तर सांगायचं, सुलेखाआत्या नागपूरहून निघालीय, ती येईपर्यंत थांबलोय."

लेकीसाठी थांबणं यात गैर काढणारा माणूस मराठवाड्यात जन्माला यायचा होता.

"आणि सामना लांबला तर?"

"तर सुलेखाची गाडी लांबेल," दमयंतीबाई म्हणाल्या.

घरकामाच्या गीताबाईने बैठकीची खोली झाडून सारवल्यासारखी लख्ख पुसली. हेमचंद्ररावांना खाली घेतलं, पाय दक्षिणेला केले, मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घातलं, उशाशी समई लावली. शेजारच्या बंगल्यातल्या बाई जवळ सरकून दमयंतीबाईंच्या कपाळाकडे हात नेऊ लागल्या. दमयंतीबाईंनी नुसतं वर पाहिलं, तशा त्या बाई हात पदरात घेऊन मागे बसल्या. नंतर केयूरने समोरच्या भिंतीवरचा टीव्ही लावला. पडद्यावर निळं, मोकळं कोर्ट होतं. खेळाडू नव्हते. बाकावर एक पांढरी छत्री उघडी पडली होती.

"उन्हामुळे थांबवलंय," केयूर हळूच म्हणाला. "बाहेरच्या कोर्टांवर खेळ बंद. कधी सुरू होईल सांगता येत नाही."

"पौषात ऊन?" गीताबाई म्हणाली.

"तिकडं उन्हाळा असतो, मावशी."

"देवाचं बी तिकडं उलटंच दिसतंय," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून चहाची भांडी घासायला गेली. चहा शेजारून आला होता; पहाटेच्या त्या कपानंतर घरातला गॅस पेटला नव्हता.

बद्रीनाथ पाचोडहून जीप करून आले. हेमचंद्ररावांचे ते धाकटे भाऊ. शिकून शहरात न आलेले तेवढे एकटेच, गावाकडची जमीन आणि देवघर सांभाळून राहिलेले. भावाच्या पायांवर डोकं ठेवून ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मग उठून बसले, उपरण्याने नाक पुसलं आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

"वैनी, हे काय लावलंय?"

"स्वरदाचा सामना आहे, भावजी."

"मयताच्या घरात टीव्ही? लोक काय म्हणतील?"

"लोक भेटायला आलेत. म्हणायचं ते घरी जाऊन म्हणतील."

बद्रीनाथांनी बसलेल्या मंडळींकडे एकवार पाहिलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी समईकडे. "बरं, निदान आवाज तरी बंद करा. चांगलं दिसत नाय ते."

केयूरने रिमोट उचलला.

"राहू दे आवाज," दमयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या भावाची नजर अधू झाल्यापासून ते सामने डोळे मिटून ऐकत होते. नुसत्या चेंडूच्या आवाजावरून सांगायचे, आज हिच्या रॅकेटच्या तारा सैल आहेत, आज हिचे पाय उशिरा पोचताहेत. आजही ऐकू दे."

बद्रीनाथ बाहेर जाऊन तिरडीचं सामान पाहू लागले. तिथे श्रीरंग सकाळपासून उभा होता. आलेल्याला नमस्कार करत होता, गेलेल्याला पोचवत होता, पण आत येऊन बसत नव्हता.

हेमचंद्ररावांचा फोन वाजला तेव्हा तो दमयंतीबाईंच्या मांडीवर होता. त्या जाणून होत्या की तो वाजणार. प्रत्येक सामन्याआधी स्वरदा आजोबांना फोन करी. ते बोलत फार थोडं. "पाय हलव," एवढंच म्हणत, आणि मागून दमयंतीबाईंच्या सूचना चालत. त्यांनी हात वर केला. एक बाई रडता रडता थांबली. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. दमयंतीबाई फोन घेऊन देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. मागोमाग नीरजा आत शिरली, तिला त्यांनी अडवलं नाही.

"नाना?"

"मी बोलतेय."

"नाना कुठेत?"

"झोपलेत. रात्रभर खोकला होता. आत्ता कुठे डोळा लागलाय, मी काही उठवत नाही."

"बरं. सुरू होतोय आता. अर्ध्या तासात." तिच्या आवाजामागे कुणीतरी इंग्रजीत नावं पुकारत होतं. "मग मला पाय हलव कोण म्हणणार?"

"मी म्हणते. पाय हलव. काही खाल्लंस का?"

"केळं."

"पाणी पीत राहा. यशस्वी हो, बाळ."

पलीकडे काही ऐकू आलं नाही. मग स्वरदा म्हणाली, "हो, आजी," आणि फोन बंद झाला.

दमयंतीबाईंनी फोन पदरात धरला. आवाज कुठेही कापला नव्हता, शब्द अडला नव्हता. आयुष्यात त्यांनी पुष्कळ कठीण कामं तडीस नेली होती आणि हेही नेलं, असं समाधान त्यांना त्या अवस्थेतही वाटून गेलं. नीरजा त्यांच्याकडे एकटक पाहत होती.

"काय गं?"

"काही नाही, आई," नीरजा म्हणाली.

केयूरने आवाज पुन्हा लावला आणि सामना सुरू झाला. समोर एक उंच, सोनेरी वेणीची मुलगी होती. तिची सर्व्हिस अशी येई की बसल्या जागी मंडळींचे खांदे आक्रसत. स्वरदा पुढे सरकून, चेंडू जमिनीवरून नुकता उसळतो तोच मारी. असं खेळायला धाडस लागतं आणि मनगटही. समईच्या पिवळ्या उजेडात आणि पडद्याच्या निळ्या उजेडात तो खोलीभर घुमणारा ठोका पडू लागला. भेटायला येणारे दारातून आत पाऊल टाकत, बिचकत, मग सवयीने खाली बसत. पहिला सेट गेला.

"एरवी ती मांडीवर थापट मारते, स्वतःशी बडबडते," केयूर आजीच्या कानाशी म्हणाला. "आज एकदम गप्प आहे."

"मोठी झाली," दमयंतीबाई म्हणाल्या.

बाजू बदलताना स्वरदा बाकावर बसली. तिने टॉवेल चेहऱ्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. कॅमेरा तिच्यावर होता. टॉवेलच्या खाली तिचे खांदे एकदा वर गेले आणि हळूच खाली आले.

"आई, ती रडतेय," नीरजा म्हणाली.

"घाम पुसतेय. दिसत नाही किती ऊन आहे ते?"

"मी आई आहे तिची. मला कळतं."

"मग आईसारखी गप्प बस."

नीरजा उठली आणि जाऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली. सकाळी जी एका बाजूला होती ती दुपारी दुसऱ्या बाजूला गेली, हे दमयंतीबाईंनी मान न वळवता ओळखलं. दारात दोघं काहीतरी बोलत होती. श्रीरंग म्हणत होता, "आता मध्येच कसं सांगणार? आता तर तोही मार्ग राहिला नाही."

दुसरा सेट स्वरदाने घेतला. तो कसा घेतला हे पुढे पुष्कळ दिवस सांगितलं गेलं असतं, जर त्या दिवसाला दुसरं काही चिकटलेलं नसतं. बद्रीनाथ केव्हा आत येऊन बसले ते कुणालाच कळलं नाही. ते भावाच्या पायांशी मांडी घालून बसले होते, आणि एक चेंडू रेघेवर पडला तसे पुढे वाकून म्हणाले, "आत व्हता की नाय तो?"

"आत होता, काका," केयूर म्हणाला.

"मग पंच का बोलंना?"

नेमकी त्याच वेळी सुलेखा दारात उभी राहिली. केस सुटलेले, प्रवासाने साडी चुरगळलेली, हातात अजून गाडीतली पाण्याची बाटली. हेमचंद्ररावांची ही एकुलती एक लेक. नागपूरच्या महाविद्यालयात शिकवत असे आणि माहेरी येताना दोन दिवसांहून जास्त कधी राहत नसे. ती वडिलांच्या छातीवर पडली. बायका पुढे सरकल्या, बांगड्यांचा आवाज झाला, आणि त्या आवाजातही टीव्हीतला ठोका पुन्हा पुन्हा पडत राहिला. हळूहळू सुलेखाने डोकं वर केलं. तिने पडदा पाहिला, पडद्याकडे लागलेल्या माना पाहिल्या, आणि मग आईला पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"स्वरदाचा सामना. शेवटचा सेट आहे."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

सुलेखा उठून उभी राहिली. "वाटेत सगळ्यांचे फोन येत होते. सावकाश ये, तुझ्यासाठी थांबलोय. मी ड्रायव्हरला म्हणत होते, बाबा वाट बघताहेत, दामट गाडी. मला वाटलं, आईने एकदा तरी कशासाठी म्हणून माझी वाट पाहिली."

"तुझ्यासाठीच थांबलो."

"खोटं बोलू नकोस, आई. निदान आज, त्यांच्यासमोर नको." तिचा आवाज चढला नाही, तो उलट खाली आला, आणि त्यामुळे खोलीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "माझ्या एमएच्या पेपरच्या दिवशी आजी गेली. तू मला परीक्षेच्या हॉलमधून उठवून आणलंस. बाबा म्हणत होते, पेपर देऊ दे तिला. तू म्हणालीस, परीक्षा पुन्हा येते, माणूस पुन्हा येत नाही. आठवतं?"

दमयंतीबाईंच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

सुलेखा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ती वडिलांच्या उशाशी खाली बसली, त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पडद्याकडे तोंड केलं. "काय झालंय स्कोअर?" तिने केयूरला विचारलं.

स्कोअर बरोबरीत होता आणि बरोबरीतच राहिला. सेट टायब्रेकपर्यंत गेला. एव्हाना श्रीरंग आत आला होता. दाराच्या चौकटीशी, जिथे सकाळी त्याची बायको उभी होती तिथे. गुरुजी व्हरांड्यातून दोनदा डोकावून गेले. स्वरदा एका गुणाने पुढे होती, मग मागे पडली, मग पुन्हा बरोबर झाली. एका लांबलेल्या खेळीत ती डावीकडे ओढली गेली, तशी चौकटीपाशी श्रीरंग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पाय. पाय हलव." वडिलांचे शब्द आपल्या तोंडून गेले हे ऐकून तो स्वतःच दचकला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

स्वरदा पोचली. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, उभा राहिल्यासारखा वाटला, आणि तिच्याच बाजूला पडला. पुढच्या गुणावर सामना संपला.

पडद्यावर ती जाळीपाशी गेली, त्या सोनेरी वेणीच्या मुलीला तिने जवळ घेतलं, पंचाशी हात मिळवला. रॅकेट पिशवीत घातली. मग ती बाकावर बसली, टॉवेल डोक्यावरून घेतला, आणि चित्र बदलून दुसऱ्या कोर्टावर गेलं.

"बंद कर आता," दमयंतीबाई म्हणाल्या. केयूरने टीव्ही बंद केला. खोली एकाएकी इतकी मोठी झाली की समईची वात तडतडलेली ऐकू आली.

फोन थोड्याच वेळात वाजला. यावेळी त्या देवघरात गेल्या नाहीत. तिथेच, नवऱ्याच्या उशाशी, सगळ्यांसमोर त्यांनी तो कानाला लावला.

"आजी, कधी गेले?"

दमयंतीबाईंच्या तोंडाशी काहीतरी तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"पहाटे," त्या म्हणाल्या. "झोपेत. काही कळलं नसेल त्यांना."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा?"

"हो."

"मला वाटलंच."

"कुणी सांगितलं? कुणाचा मेसेज आला?"

"कुणाचा नाही. तूच सांगितलंस." स्वरदाचा आवाज थकलेला होता, पण स्वच्छ होता. "सामन्याआधी तू मला काय म्हणतेस, आजी? केस आवळून बांध. खांदे पाडून चालू नकोस. हरलीस तर रडक्या तोंडाने लोकांसमोर जाऊ नकोस. आज विचारलंस, काही खाल्लंस का. आणि बाळ म्हणालीस. जन्मात कधी म्हणाली नव्हतीस. मी एका पायात मोजा घातला होता, दुसरा हातातच राहिला."

दमयंतीबाईंनी खाली पाहिलं. दिवसभर त्यांनी एकेक दार लावून घेतलं होतं, एकेक तोंड बंद केलं होतं. आणि बातमी गेली ती त्यांच्याच तोंडून, त्यांनी आयुष्यात एकदा गोड बोलायचं ठरवलं त्या एका वाक्यातून.

"मग का खेळलीस?" त्यांनी विचारलं.

"तू इतकं जपून लपवलं होतंस. ते मोडवेना."

"तुझ्या कोचला सांगायचंस."

"त्याला सांगितलं असतं तर रडले असते. टॉवेल तोंडावर घेतला की दर वेळी वाटायचं आता रडू येईल. मग पंच वेळ पुकारायचा. मला आधी सांगितलं असतंस तरी मी खेळलेच असते, आजी. फक्त आधी रडून घेतलं असतं. कुणाजवळ तरी."

दमयंतीबाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आणि मी हरले ते त्यामुळे नाही," स्वरदा म्हणाली. "ती चांगली खेळली. तुझ्या मनात ते राहायला नको."

हे खरं की खोटं, हे दमयंतीबाईंना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी विचारायचं धैर्य झालं नाही. एवढं मात्र कळलं की पोरगी त्यांच्याच वळणावर गेली होती.

"मला नानांशी बोलायचंय," स्वरदा म्हणाली. "व्हिडिओ लाव."

श्रीरंग पुढे आला. "दे, आई. मी धरतो."

त्यांनी फोन दिला नाही. गुडघ्यांना हात देत त्या खाली बसल्या. केयूरने लावून दिलेला फोन त्यांनी गंगाजलाच्या तांब्याला टेकवून, हेमचंद्ररावांच्या चेहऱ्यासमोर उभा केला. त्यांच्या कपाळावर आलेली एक बट मागे सारली.

"दिसतात का?"

"हो. आजी, सगळ्यांना बाहेर पाठवशील?"

दमयंतीबाईंनी मान वर केली. सांगावं लागलं नाही. बद्रीनाथ उठले, बायका उठल्या, सुलेखाने वडिलांचा हात हळूच खाली ठेवला. नीरजाने पडद्यावरच्या लेकीकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि ती नवऱ्याबरोबर बाहेर गेली.

"गेले सगळे," दमयंतीबाई म्हणाल्या.

"तूही जा, आजी. तू ऐकू नकोस."

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून दमयंतीबाईंना खोलीबाहेर जा असं कुणी म्हटलं नव्हतं. सासूने नाही, नवऱ्याने नाही, मुलांची तर शामतच नव्हती. त्या एका हाताने भिंत धरून उभ्या राहिल्या. दाराशी गेल्या, बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात सगळे उभे होते. तिरडी बांधून तयार होती, विस्तवाचं मडकं तयार होतं, गुरुजींनी पंचांग पिशवीत टाकलं होतं.

"वैनी, बराच उशीर झालाय," बद्रीनाथ म्हणाले. "सुलेखा बी आली. उचलायचं का आता?"

दमयंतीबाईंनी भिंतीशी ठेवलेली खुर्ची ओढली आणि ती बंद दारासमोर आडवी ठेवून तिच्यावर बसल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आत बोलणं चाललंय."

दाराआडून आवाज येऊ लागला होता. शब्द कळत नव्हते, पण ते आता फुटत होते, एकावर एक पडत होते. दमयंतीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन्ही कानांवर गच्च धरला आणि तशाच बसून राहिल्या.